चौदा नंबरचा दगड

माझ्या हाताला डोळे आहेत, असं आमच्या कॉलेजात म्हणायचे. ही हवा मीच केली होती, हे आता गारखेड्याच्या घरात बसून, दात पडल्यावर कबूल करायला हरकत नाही. भूशास्त्राच्या वर्गात नवीन पोरं आली की मी डोळ्यांवर रुमाल बांधायचो आणि ट्रेमधला कुठलाही दगड माझ्या तळहातावर ठेवायला सांगायचो. अंगठ्याला साबणासारखा गुळगुळीत लागला तर शंखजिरे. नखानं पापुद्रा सुटला तर अभ्रक. दिसायला एवढासा आणि हाताला जड, तर बराइट. तिसऱ्या-चौथ्या दगडाला टाळ्या पडायच्या आणि मी रुमाल सोडून म्हणायचो, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. रंग फसवतो. दगडालाच विचारा तू कोण म्हणून. तो खोटं बोलत नाही.

पोरं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची. आणि परीक्षा आली की सोपा मार्ग धरायची, म्हणजे दगडाचे गुणधर्म बाजूला ठेवून त्याचा चेहरा पाठ करायची. आमच्याकडे बत्तीस दगडांचा एकच सेट होता आणि दरवर्षी प्रॅक्टिकलला त्यातलेच सहा, नावाच्या चिठ्ठ्या झाकून, यायचे. त्यामुळे वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना खुणा सांगून जायची. एका कडेला शाईचा डाग आहे तो फेल्डस्पार. दोऱ्याएवढी भेग आहे तो कॅल्साइट. चौदा नंबरच्या काळ्या दगडाचा कोपरा उडालेला होता, त्याला सगळे कानतुट्या म्हणत. कानतुट्या म्हणजे हॉर्नब्लेंड. एवढं आलं की दोन मार्क खिशात. मला हे सगळं माहीत होतं. रुमाल बांधलेला असताना मीसुद्धा चौदा नंबर त्या तुटक्या कानावरूनच ओळखायचो.

त्या कानतुट्याची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. दोघांना सांगितली, पण त्याबद्दल पुढे.

निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. शिकलो उर्दूत, इम्तिहान दिलं उर्दूत आणि नोकरीला लागलो तर दोन वर्षांत सगळं इंग्रजी करायचं फर्मान निघालं. दगडांचा सेट हैदराबादहून आलेला, सागवानी पेटीतला. प्रत्येक दगडावर उर्दूत सुरेख अक्षरात नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी डकवलेली. आमचे विभागप्रमुख व्यंकटराव म्हणजे कडक सोवळ्यातला माणूस, फक्त त्यांचं सोवळं शास्त्राचं होतं. ते मला म्हणाले, श्रीनिवास, एक दगड घ्यायचा, त्याची जुनी चिठ्ठी काढायची, नवी लावायची, आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. तुमच्यावर सोपवतो, मी पुन्हा बघणार नाही.

डिंक चिवट होता. पाच दगडांपायी नखं खरवडून घेतल्यावर माझा संयम संपला आणि मी उरलेले सगळे एका घमेल्यात टाकून वर पाणी ओतलं. सकाळी आलो तर चिठ्ठ्यांचा लगदा वर तरंगत होता आणि खाली सत्तावीस बेनाव दगड. मला घाम फुटला, पण थोडा आनंदही झाला. आता आपण एकेकाची परीक्षा घेऊन नाव लावू, खरं शास्त्र करू. चाकू घेतला, काच घेतली, कस पाहायची चिनी मातीची खडबडीत फरशी घेतली, आम्लाची बाटली घेतली. जो आम्लाच्या थेंबाखाली फसफसला तो कॅल्साइट. ज्यानं काचेवर ओरखडा काढला आणि ज्याला चाकू लागेना ती गारगोटी. संध्याकाळपर्यंत पंचवीस झाले. दोन उरले, दोन्ही काळे. पेटीतल्या यादीप्रमाणे एक ऑगाइट, एक हॉर्नब्लेंड.

हे दोघं सख्ख्या भावांसारखे असतात. चाकू दोघांवर सारखाच जेमतेम चालतो. फरशीवर घासले तर दोघांचाही कस फिकट राखाडी-हिरवट. फरक खात्रीनं कळतो तो फुटलेल्या जागी. दगड फुटताना ज्या सपाट बाजू तयार होतात, त्या एकमेकींना कोणत्या कोनात मिळतात ते पाहायचं. ऑगाइटमध्ये तो कोन जवळजवळ काटकोन, पेटीच्या कोपऱ्यासारखा. हॉर्नब्लेंडमध्ये तिरपा, शंकरपाळ्यासारखा. भिंग आणि कोनमापक घेऊन पाच मिनिटं बसलं की झालं. पण उजेड गेला होता, दिवसभर उभं राहून पाय दुखत होते. हॉर्नब्लेंड जरा लांबट आणि चकचकीत असतं, हे आठवून मी लांबट दिसणाऱ्या कानतुट्यावर हॉर्नब्लेंडची चिठ्ठी लावली, चौदा नंबर. दुसऱ्यावर ऑगाइट, पंधरा. उद्या उजेडात एकदा बघू म्हटलं. तो उद्या पुढची एकवीस वर्षं उगवला नाही.

रामकिसन १९७१ साली शेवटच्या वर्षाला आला. वैजापूरकडच्या एका खेड्यातला, कडूबा नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा. लांब हातांचा, कमी बोलणारा, मान खाली घालून ऐकणारा. सुट्टीत तो गावातल्या विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर कामाला जायचा, त्यामुळे दगड कुठून फुटतो हे त्याला माझ्याआधी कळायचं. घरातलं पहिलंच कॉलेजात आलेलं पोर. तेव्हा विहिरींची आणि जमिनीखालच्या पाण्याची पाहणी करायला सरकार नवीन माणसं घेणार, भूशास्त्रातली बी.एस्सी. असली की पुरे, अशी बोलवा होती. रामकिसनला तेच काम हवं होतं. पाणी कुठं लागंल ते सांगायचं काम, असं तो म्हणायचा. त्यासाठी त्याला पास व्हायचं होतं, बाकी काही नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो चौदा आणि पंधरा नंबर दोन्ही हातांत घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सर, ह्यांच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्यात."

"कोण म्हणतं?"

"दगडच म्हणतो, सर. ह्यो चौदा नंबर पेटीसारखा फुटलाय. मी पाच जागी मोजला. पंधरा तिरपा फुटलाय."

वर्गातली बाकीची अकरा पोरं कान टवकारून होती. मी हसलो. "रामकिसन, हा सेट हैदराबादचा आहे. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून हा दगड हॉर्नब्लेंड आहे. तुझं मोजणं चुकलं असेल."

"पुन्हा मोजतो," तो म्हणाला आणि जागेवर गेला. पोरं हसली. तो हसला नाही आणि चिडलाही नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि एकवीस वर्षं राहिलेली पाच मिनिटं दिली. पश्चिमेच्या खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. कानतुट्याचा कोन सत्त्याऐंशी अंश भरला. दुसऱ्या जागी ब्याण्णव. पंधरा नंबर भिंगाखाली धरला तर शंकरपाळ्याचा कोपरा मला वाकुल्या दाखवत होता. पोरगा बरोबर होता. आपल्या भागातला जमिनीखालचा सगळा काळा पाषाण ऑगाइटनं भरलेला आहे, फक्त कण बारीक म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे ज्या खनिजावर मी जन्मभर चाललो, ते हाताएवढं होऊन समोर आलं तर मला ओळखू आलं नव्हतं. आणि वीस वर्गांना मी तेच शिकवून पाठवलं होतं.

चिठ्ठ्या बदलायला तेव्हा दोन मिनिटं लागली असती. मी दोन्ही दगड पुसून जागच्या जागी ठेवले.

का, ते सांगतो, पण ती कारणं ऐकून कुणी मला माफ करावं म्हणून नाही. व्यंकटराव फेब्रुवारीत निवृत्त होणार होते. पाहुणा आला की ते पेटी उघडून म्हणायचे, ही लेबलं आमच्या श्रीनिवासनं लावली, मी पुन्हा पाहिलीसुद्धा नाहीत. म्हाताऱ्याचं हे वाक्य मला जन्मभर पुरलं होतं. म्हटलं, ते जाऊ देत, मग बदलू. फेब्रुवारीत हारतुरे झाले, ते गेले. मग म्हटलं, आता परीक्षा तोंडावर आहे. अकरा पोरांनी कानतुट्या म्हणजे हॉर्नब्लेंड असं पाठ केलंय, आत्ता बदललं तर त्यांचं नुकसान. चौदा नंबर नुसता ट्रेमधून काढून खिशात टाकला असता तरी भागलं असतं. तेही मी केलं नाही. बत्तीसचा सेट एकतीसचा दिसला असता आणि एक्स्टर्नलनं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकानं, विचारलं असतं, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण एवढंच की एका विहीर खोदणाऱ्या पोरानं माझी चूक काढली आणि ती सगळ्यांसमोर काढली.

वर्षभर रामकिसननं जर्नलमध्ये चौदा नंबरपुढे ऑगाइट लिहिलं. मी लाल शाईनं 'पुन्हा करा' लिहून परत द्यायचो. त्यानं तीनदा पुन्हा केलं. तीनही वेळा कोनाची आकृती आधीपेक्षा जास्त नीट काढलेली आणि खाली पुन्हा ऑगाइट. त्या पानावर मी सही केली नाही. सही नसलेलं पान असलं की जर्नलचे मार्क कापायचे, असा आमच्याकडे नियम होता आणि तो मीच केलेला होता.

मार्चमध्ये मी त्याला बाजूला घेतलं. "परीक्षेत शहाणपणा करू नको. वर्गात शिकवलंय ते लिही आणि सुटून जा."

"सर, तुम्हीच म्हणले होते ना, दगडाला इचारायचं."

"म्हणालो होतो."

"मग मी इचारलं."

त्याच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेश नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल झालं. एक्स्टर्नल म्हणून बाहेरगावचे एक वयस्क प्राध्यापक आले होते, खिशाला साखळीनं भिंग अडकवलेलं. सहा दगड त्यांनी स्वतः ट्रेमधून उचलले आणि चौथा उचलला तो कानतुट्या. अकरा पोरांनी त्याच्याकडे एक नजर टाकली, खूण पटवली, हॉर्नब्लेंड लिहिलं आणि पुढे सरकली. त्यांतल्या एकानंही कोनमापकाला हात लावला नाही. रामकिसन त्या दगडापाशी पाऊण तास बसला. मोजलं, आकृती काढली, कारणं लिहिली. पाऊण तास तिथं गेल्यामुळे नकाशाचा प्रश्न त्याच्याकडून अर्धाच झाला.

तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलनी त्याचा पेपर समोर घेतला. "सगळ्यांनी हॉर्नब्लेंड लिहिलंय. तू एकट्यानंच ऑगाइट?"

"व्हय सर. कोन काटकोनाच्या जवळ भरतोय."

"कठिनता?"

"दोन्हींची सारखीच सर, त्यावरून नाय कळत. कसावरून बी नाय कळत. कोनावरूनच कळतं."

म्हातारा खूश झाला. मला ते दिसलं. त्यांनी खिशातलं भिंग उघडलं आणि कानतुट्याकडे हात नेला. तो हात आणि तो दगड यांच्यात वीतभर अंतर होतं, आणि त्या वीतभर जागेत मी बोललो.

"सर, हा सेट हैदराबादचा आहे. प्रत्येक लेबल मी स्वतः तपासून लावलंय. हा मुलगा वर्षभर या एका दगडावर अडून बसलाय."

एक्स्टर्नलनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या विभागातला दगड पाहुण्यानं तपासायचा नसतो. तो त्या घरच्या माणसावरचा अविश्वास समजतात. त्यांनी भिंग मिटलं. रामकिसन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा भांडेल. पण त्यानं नुसती मान हलवली, बरं म्हटल्यासारखी, आणि उठून गेला.

बेरीज झाली तेव्हा रामकिसनला सोळा मार्क पडले. पास व्हायला अठरा लागायचे. दगडाचे दोन गेले, जर्नलचे तीन गेले, नकाशाचे पाच गेले. तिन्ही खड्डे त्या एकाच दगडानं पाडलेले. एक्स्टर्नल चहा पिता पिता म्हणाले, "दोनसाठी कशाला अडवता? पोरगं हुशार वाटतं. जर्नलचे दोन वाढवा, मी सही करतो."

हे सगळीकडे चालतं. काठावरच्या पोराला घरच्या परीक्षकानं हात द्यायचा, ही रीत आहे. मीच कितीतरी गद्ध्यांना असा हात दिला होता. पण जर्नलचे मार्क वाढवायचे तर ते पान उघडावं लागणार होतं, तीनदा काढलेली आकृती म्हाताऱ्याच्या भिंगासमोर येणार होती आणि त्याच्याखाली मला सही करावी लागणार होती. मी म्हणालो, "नको सर. नियम सगळ्यांना सारखा."

ते म्हणाले, "तुम्ही फार कडक बुवा." आणि त्यांनी सोळाखाली सही केली. मी चहा संपवला. त्या चहाची चव मला अजून आठवते, आलं जास्त झालं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. दोन दिवसांनी रामकिसन माझ्याकडे आला. रडलेला नव्हता. उन्हात चालून आल्यामुळे सदरा पाठीला चिकटला होता.

"ऑक्टोबरात परत प्रॅक्टिकल असतंय ना, सर?"

"हो. फॉर्म भर. नकाशाची तयारी कर."

"ट्रे तोच असंल?"

"ट्रे तोच असतो."

त्यानं पाठीला चिकटलेला सदरा सोडवला. "बरं," म्हणाला आणि माझ्या पाया पडून गेला. मी त्याला थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात, सुट्टीत विभाग रिकामा असताना, मी चिठ्ठ्या बदलल्या. चौदा नंबर ऑगाइट, पंधरा नंबर हॉर्नब्लेंड. कुणाला काही सांगितलं नाही. मनाशी हिशोब असा की ऑक्टोबरात तो येईल, ऑगाइट लिहील, पास होईल आणि सगळं गुपचूप जागेवर बसेल. मला देवानंच बुद्धी दिली, असंही वाटलं. त्या वर्षी पाऊस पडला नाही. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला, ऑक्टोबरात प्रॅक्टिकल लागलं. रामकिसनच्या नंबराचं स्टूल तीन तास रिकामं राहिलं. मी तीन तास दाराकडे बघत होतो.

दिवाळीनंतर सरकारनं खरंच माणसं घेतली. दुष्काळच एवढा होता की भूशास्त्राची बी.एस्सी. म्हटली की उचलत होते. माझी अकराच्या अकरा पोरं लागली. जीपमधून गावोगाव फिरून विहिरी आणि बोअरसाठी जागा दाखवू लागली. त्यांतला एक मला गुलमंडीच्या बाजारात भेटला. म्हणाला, "सर, तिकडं रामकिसन दिसला होता. दुष्काळी कामावर खडी फोडतोय. आम्ही जीपमधून उतरलो तर लांबून हात केला त्यानं."

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. बायकोनं, भानुमतीनं, आठ दिवस पाहिलं आणि मग ताट बाजूला सारून विचारलं, काय झालंय. मी तिला सगळं सांगितलं, घमेल्यापासून सोळा मार्कांपर्यंत. ती गणपतीच्या आरतीखेरीज मोठा आवाज न काढणारी बाई. ऐकून तिनं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

तिचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटलं. खरंच होतं का, ते अजूनही मला ठरवता येत नाही.

फेब्रुवारीत वैजापूरची एस.टी. पकडली आणि फाट्यावर उतरून दोन मैल चाललो. दोन्ही बाजूंची शेतं भाजलेल्या खापरीसारखी. रस्त्याच्या कामावर चार-पाचशे माणसं असतील. बाया, म्हातारे, पोरं, सगळ्यांच्या पुढ्यात काळ्या दगडाचे ढीग आणि हातात हातोड्या. तो आवाज मैलभरावरून ऐकू येत होता. रामकिसन एका ढिगापाशी उकिडवा बसला होता. शेजारी त्याचे वडील कडूबा आणि आई सरूबाई. मला पाहून तो उठला, हात सदऱ्याला पुसले आणि पाया पडायला वाकला. मी त्याला अर्ध्यातच धरलं.

"सर, तुम्ही इतक्या लांब?"

"तुझ्याशी बोलायचंय. जरा बाजूला ये."

आम्ही एका बाभळीखाली गेलो. सावली नव्हतीच, नुसत्या काड्यांची जाळी. येताना एस.टी.त मी वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही.

"ऑक्टोबरला का आला नाहीस?"

"येऊन काय करायचं होतं, सर? मी परत ऑगाइट लिहिलं असतं. तुम्ही परत कापलं असतं." तो हे अगदी समजुतीनं बोलत होता. "हॉर्नब्लेंड लिहावं म्हणून लई मन केलं. हातच नाय वळला. मग म्हणलं, त्यांचा बी काय इलाज नाय. त्यांना कुणी शिकवलं तसं ते शिकवतेत. त्यांनी परत कधी बघितलंच नसंल."

"मी बघितलं होतं," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. "कधी?"

"ऑगस्टमध्ये. तू दाखवलंस त्याच संध्याकाळी. सत्त्याऐंशी अंश. तू बरोबर होतास. मला वर्षभर माहीत होतं. परीक्षेतही माहीत होतं. एक्स्टर्नल दोन मार्क वाढवायला तयार होते, मी नको म्हणालो. सुट्टीत मी चिठ्ठ्या बदलल्या. ऑक्टोबरला आला असतास तर पास झाला असतास."

एवढं बोललो आणि मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी लपवत नाही. एस.टी.त बसल्यापासून मी त्याचीच वाट पाहत होतो. आता हा ओरडेल, शिवी देईल, तीही घेऊ, असं मी ठरवून आलो होतो.

तो ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची ती समजूत हळूहळू उतरत गेली आणि खाली एक वेगळाच, मोठ्या वयाचा माणूस दिसायला लागला.

"मंजी तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी आबांना सांगितलं होतं, सरांची चूक नाय. लोक म्हणायचे, बामण मास्तरनं मुद्दाम पाडलं. मी भांडलो लोकांशी. म्हणलं, नाय, ते दगडाच्या बाबतीत खोटं करायचे नाय. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला पास केलं असतं."

मी म्हणालो, "मी विद्यापीठाला लिहून देतो. अजून काही करता येईल."

"काय करता येईल?"

भरती झाली होती. निकाल आठ महिन्यांपूर्वीचा. लिहून दिलं असतं तर माझी अब्रू गेली असती आणि त्याला कदाचित पुढे कधीतरी एक कागद मिळाला असता. मी तरीही लिहून देईन, असं पुन्हा म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, वर्गात भिंगाखाली दगड धरून बघायचा तसा, आणि मी मान वळवली. सांगून टाकतो, मी नंतर काही लिहून दिलं नाही.

तेवढ्यात कडूबा आले. हातात जर्मनचा तांब्या, त्यात अर्धं पाणी, आणि कागदात बांधलेली गूळ-पिठाची सुकडी, कामावर माणशी वाटायचे ती. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि माणसागणिक मोजून मिळायचं.

"घ्या सर. उन्हातून आले. आमच्याकडं दुसरं काय नाय आता." ते माझ्यासमोर खाली बसले. "आमचा रामकिसन लई नाव घेतो तुमचं. डोळ्याला रुमाल बांधून दगड वळखतेत म्हणतो. मी म्हणलं, एकदा बघायचा असा माणूस."

मी तांब्या तोंडाला लावला. न लावणं बरं दिसलं नसतं.

कडूबा मुलाकडे वळले. "काय म्हणतेत सर? कामून आले एवढ्या लांब? परीक्षेचं काय हाय का?"

मी रामकिसनकडे पाहिलं. आता तो सांगेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर सांगावं असंही वाटलं. म्हाताऱ्यानं तो तांब्या माझ्या हातातून काढून घ्यावा असं वाटलं.

रामकिसन खाली बघत म्हणाला, "काय नाय, आबा. परीक्षेचं काय नाय. वैजापूरला काम होतं सरांचं, जाता जाता भेटाया आले."

पेपरात एक खोटा शब्द लिहायला ज्याचा हात वळला नाही, तो माझ्यासाठी बापाशी खोटं बोलला. कडूबांनी मान डोलावली आणि सुकडीचा कागद माझ्यासमोर सोडला. रामकिसन उठून ढिगापाशी गेला, आईच्या शेजारी बसला आणि त्यानं हातोडी उचलली. मी सुकडी खाल्ली. कडूबा समोर बसून, मी संपवेपर्यंत, आणखी घ्या म्हणत राहिले.